दाणा टाकावा कीं रान राखावें?

गेल्या भाद्रपदांत आमचे एक सभासद मित्र भेटावयास आले होते. त्यांच्या घरीं मागील हंगामाच्या भुईमुगाच्या शेंगांचीं दोन पोतीं छपरांतून गळलेल्या पाण्यानें भिजून बुरसलीं होतीं. व्यापारी तीं घेईना. म्हशीस घालावीं तर जनावर आजारी पडेल ही भीति. तेव्हां त्यांनीं तीं पोतीं ओढ्याकांठीं, जेथें सकाळसंध्याकाळ मोर उतरतात तेथें, नेऊन ओतलीं. मालहि अगदींच फुकट गेला नाहीं आणि मुक्या पाखरांच्या मुखीं लागला, असें ते समाधानानें सांगत होते. त्यांचा हेतु चांगला होता यांत शंका नाहीं. परंतु जी वस्तु आपण आपल्या म्हशीपुढें टाकावयास धजत नाहीं ती मोरापुढें टाकण्यांत दया कोठें राहिली, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

हाच प्रश्न, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जमीनधारकांपुढें उभा आहे. तेथें मोराच्या ठिकाणीं रानटर्की आहे आणि शेंगांच्या ठिकाणीं मका आहे. दूर देशाची ही हकीगत आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण असें कीं, त्या देशानें एक नाहींसा होत आलेला पक्षी मोठ्या परिश्रमानें परत आणिला. आणि आतां त्याची संख्या पुन्हां घटूं लागली असतां, रानांतील जनावरांस दाणा घालण्याची जी चाल तेथें बोकाळली आहे ती या पक्ष्यास तारक आहे कीं मारक, असा वाद तेथें पडला आहे. या वादांत आमचें मत कोणत्या बाजूस आहे तें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. दाण्याच्या राशी घालून रानांतला पक्षी वांचत नाहीं. तो रानानें वांचतो.

रानटर्की ही मोराप्रमाणेंच तितराच्या मोठ्या कुळांतली. आपल्याकडे क्वचित् पाळलेली दिसते ती टर्की कोंबडी हिचीच माणसाळलेली जात होय. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांनीं ती प्रथम माणसाळविली, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं ती युरोपांत नेली. रानांतला पुरा वाढलेला नर आठदहा किलोंचा भरतो, मादी त्याच्या निम्म्यानें. दिवसा जमिनीवर चरावें, रात्रीं उंच झाडावर बसावें आणि वसंत लागला कीं नरानें पिसारा फुलवून माद्यांस साद घालावी, हा तिचा क्रम पाहिला म्हणजे आपल्या मोराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

हा पक्षी एके काळीं त्या खंडांत विपुल होता. परंतु वसाहतवाल्यांनीं रानें तोडलीं, बाजारांत विकण्यासाठीं बारा महिने बंदुका चालविल्या, आणि १९२० पर्यंत ज्या ३९ संस्थानांत तो मूळचा होता त्यांपैकीं १८ संस्थानांतून तो समूळ नष्ट झाला. त्यांतच भर म्हणून १९०४ सालीं न्यूयॉर्क येथें चेस्टनट वृक्षांवर एक परदेशी बुरशीजन्य रोग आढळला. पुढील चाळीसपन्नास वर्षांत या रोगानें कोट्यवधि झाडें वाळवून टाकलीं आणि रानांतील पशुपक्ष्यांची एक मोठी कोठीच बंद पडली.

यानंतर तेथील लोक जागे झाले. चोरट्या शिकारीच्या मालाच्या व्यापारास आळा घालणारा लेसी कायदा १९०० सालींच झाला होता. १९३७ सालीं पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या पुनरुद्धारासाठीं राखून ठेवण्यांत आलें. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशांतून आलेला पैसा रानाकडे वळला. परंतु पैसा आला तरी उपाय लगेच सांपडला नाहीं. प्रथम लोकांनीं टर्कीचीं पिलें खुराड्यांत वाढवून रानांत सोडण्याचा मार्ग धरिला. अशीं असंख्य पिलें सोडलीं गेलीं व बहुतेक सर्व मेलीं. ज्यांस आईनें रान शिकविलें नाहीं, ससाणा कोणता व कावळा कोणता हें दाखविलें नाहीं, त्यांस रानांत टिकतां येईना. पुढें १९५० नंतरच्या दशकांत तोफेसारख्या नळ्यांतून उडणाऱ्या जाळ्याची युक्ति निघाली. तिनें रानांतलेच अस्सल पक्षी धरावे आणि जेथें रान पुन्हां वाढलें आहे तेथें नेऊन सोडावे, असा क्रम सुरू झाला आणि यश आलें. १९७३ च्या सुमारास तेरापंधरा लक्ष असलेली रानटर्की या शतकाच्या आरंभीं पासष्ट लक्षांच्या वर गेली. आज अलास्का खेरीज प्रत्येक संस्थानांत ती आहे. माणसानें आपली चूक सुधारल्याचीं जीं थोडीं उदाहरणें जगांत आहेत त्यांत याची गणना होते.

या इतिहासांतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. खुराड्यांतील पिलें सोडणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता, आणि त्यांनीं खर्चहि कमी केला नाहीं. परंतु त्यांनीं पक्ष्याकडे पाहिलें तें कोंबडीवाल्याच्या दृष्टीनें. पक्षी पाहिजेत म्हणून पक्षी निपजविले. त्यांस राहावयाचें कोठें व जगावयाचें कसें, हा विचार मागें पडला. आज दाणा घालणारे तीच चूक दुसऱ्या रूपानें करीत आहेत असें आम्हांस वाटतें.

गेल्या वीस वर्षांत रानटर्कीची संख्या पुन्हां उतरणीस लागली आहे, विशेषतः आग्नेयेकडील संस्थानांत. तेथील अधिकारी दर उन्हाळ्यांत माद्या व त्यांच्यामागें हिंडणारीं पिलें मोजतात. दर मादीमागें सरासरी दोन पिलें जगलीं तर संख्या टिकून राहते, असा त्यांचा ठोकताळा आहे. अनेक ठिकाणीं हा आंकडा वर्षानुवर्षें दोनाच्या खालीं राहिला आहे. म्हणून २०२२ सालीं जॉर्जिया संस्थानानें एका शिकाऱ्यास हंगामांत मारतां येणाऱ्या नरांची संख्या तिनावरून दोनावर, तर अलाबामा संस्थानानें पांचावरून चारावर आणिली. आणि दोहोंनींहि शिकारीचा हंगाम उशिरां सुरू करण्याचें ठरविलें. माद्या अंड्यांवर बसण्यापूर्वींच जोमदार नर मारले गेले तर वीण बिघडते, अशी शंका यामागें आहे.

आतां दाण्याची गोष्ट. तेथील जमीनधारक आपल्या रानांत शिकार करण्याचा हक्क वार्षिक खंडानें शिकारमंडळांस देतात. कित्येकांस शेतीच्या उत्पन्नाइतकाच हा खंड महत्त्वाचा असतो. शिकाऱ्यांचें मुख्य लक्ष्य पांढऱ्या शेपटीचें हरिण. तें आपल्याच रानांत राहावें, शेजाऱ्याच्या रानांत जाऊं नये, म्हणून तिवईवर मोठीं पिंपें उभीं करून त्यांत मका भरितात. पिंपाखालीं घड्याळाचें यंत्र असतें. तें ठराविक वेळीं चक्र फिरवून दाणे चोहोंकडे फेकतें. कोठें कोठें तर मक्याचे नुसते ढीग घालितात. टर्कीची शिकार दाणा टाकून करण्यास बहुतेक संस्थानांत बंदी आहे. परंतु हरणांसाठीं टाकलेला दाणा टर्कीस वर्ज्य नसतो. पिंपाभोंवतीं पंचवीसतीस टर्की जमल्या कीं जमीनधारकास वाटतें, आपल्यामुळें पक्षी पोसला जात आहे. ढिगाजवळ जमलेला थवा डोळ्यांस दिसतो. रानांत फुटलेलें अंडें दिसत नाहीं.

खरा प्रश्न असा कीं, या पक्ष्यास उणीव कशाची आहे? आग्नेयेकडील सौम्य हवेंत ओक वृक्षाचीं फळें, गवताचें बीं, कोंब, किडे व पीक काढल्यावर शेतांत सांडलेला दाणा इतका असतो कीं, वाढलेली टर्की भुकेनें मेली असें सहसा घडत नाहीं. तिचा वंश अडतो तो दुसऱ्या ठिकाणीं. मादी वसंतांत जमिनीवर, एकाद्या झाडाच्या बुंध्याशीं किंवा झुडपाच्या आडोशास, पाचोळ्यांत खळगा करून दहाबारा अंडीं घालते आणि सुमारे २८ दिवस तीं उबविते. या चार आठवड्यांत बहुतेक घरटीं कोणी ना कोणी लुटतो. जीं थोडीं सुटतात त्यांतलीं पिलें पहिले दहाबारा दिवस झाडावर उडून बसूं शकत नाहींत. त्यांस आईच्या पंखाखालीं जमिनीवरच रात्र काढावी लागते. या दिवसांत त्यांचें अन्न म्हणजे टोळ, नाकतोडे, अळ्या व लहान किडे. कोंबडीपालन करणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको कीं, पिलाच्या पहिल्या वाढीस प्रथिनें पाहिजेत. आणि मक्यांत पिष्ट पुष्कळ असलें तरी प्रथिनें बेताचींच. अर्थात् पिंपांतला मका मोठ्या पक्ष्यास ज्याची गरज नाहीं तें देतो, आणि पिलास ज्याची गरज आहे तें देत नाहीं.

एवढ्यावरच थांबतें तरी बरें होतें. परंतु मका टर्कीपुरताच राहत नाहीं. रॅकून, ओपॉसम, स्कंक हे निशाचर प्राणी मक्याचे मोठे लोभी, आणि हेच प्राणी जमिनीवरील अंड्यांचे कट्टे चोर. एके काळीं रॅकूनच्या कातड्यास चांगला भाव येई, म्हणून शेतकऱ्यांचीं मुलें हिवाळ्यांत सांपळे लावीत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो बाजार बसला. सांपळे गेले व रॅकून वाढले. अशा वेळीं बारा महिने चालणारें अन्नछत्र त्यांच्यासाठीं आपणच उघडावें, याला काय म्हणावें? रानडुकरांची गोष्ट तर याहून वाईट. युरोपीय लोकांनीं नेलेल्या डुकरांचा हा रानांत फोफावलेला वंश आतां सुमारे ३५ संस्थानांत पसरला असून त्यांची संख्या साठ लक्षांच्या घरांत सांगतात. तीं मका खातात, घरटीं उकरतात, आणि त्याच जमीनधारकाचें भुईमुगाचें व मक्याचें शेत एका रात्रींत नांगरल्यासारखें करून टाकतात. आपल्या कोठारांतला दाणा खर्चून आपल्याच पिकाचा शत्रु पोसण्याचें हें उदाहरण आहे. शिवाय ठराविक जागीं ठराविक वेळीं जमलेल्या थव्यावर झडप घालणें लांडग्याच्या जातीच्या कायोटीस व बॉबकॅट नांवाच्या रानमांजरास किती सोपें जातें, हें वेगळें सांगावयास नको.

आतां त्या बुरसलेल्या पोत्यांकडे वळूं, कारण येथें आमच्या भुईमुगाचा व या पक्ष्याचा इतिहास एकमेकांस भिडतो. १९६० सालीं इंग्लंडांत थोड्या महिन्यांत एक लक्षाहून अधिक पाळीव टर्कीचीं पिलें कोणत्याशा अज्ञात रोगानें मेलीं. कारण कळेना म्हणून त्या रोगास ‘टर्की-एक्स’ असेंच नांव पडलें. शोध घेतां घेतां सूत्र ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोंचलें. पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीनें एक विष तयार केलें होतें. त्याला त्या बुरशीच्या नांवावरून अफ्लाटॉक्सिन म्हणूं लागले. हें विष यकृतावर घाला घालतें. तें भुईमुगांत होतें तसेंच मक्यांतहि होतें, विशेषतः दाणा भरतांना कडक उन्हाळा व पाण्याचा ताण पडला असतां, किंवा काढलेला माल ओलसर राहिला असतां. आज जगभर धान्याच्या व्यापारांत ज्या विषाची तपासणी होते त्याचा पहिला सुगावा टर्कीच्या पिलांनीं आपले प्राण देऊन लावून दिला आहे.

अमेरिकेंत माणसांच्या अन्नांत या विषाची मर्यादा अब्ज भागांत २० भाग अशी आहे. विक्रीसाठीं पुष्ट केल्या जाणाऱ्या मोठ्या गुरांच्या खाद्यांत ती ३०० पर्यंत चालते. पक्ष्यांचीं पिलें मात्र फार नाजूक. रानटर्कीच्या पिलांस अब्ज भागांत १००, २०० व ४०० भाग विष असलेलें खाद्य दोन आठवडे घालून केलेला एक प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पिलांचें खाणें कमी झालें, वजनाची वाढ खुंटली व यकृतावर परिणाम दिसला. आतां विचार करा कीं, जो मका व्यापारी माणसांसाठीं घेत नाहीं व दुभत्यास घालतां येत नाहीं, तो शेवटीं कोठें जातो? ‘हरणांचा मका’ म्हणून पोतीं भरून विकावयास त्याला वाट सांपडते. चांगला मका घातला तरी तो उन्हापावसांत ढिगांत पडून राहिला कीं उष्ण दमट हवेंत त्यावर थोड्याच दिवसांत बुरशी चढते. मोठें हरिण तें पचवूनहि जाईल. त्याच ढिगावर चरणारें टर्कीचें पिलूं पचवील अशी खात्री कोण देणार?

तिसरी गोष्ट रोगाची, आणि ती पशुपालकास थेट लागू होणारी आहे. रानांत हरणें विखरून चरतात. ढिगाजवळ तीं तोंडास तोंड लावून खातात. मिशिगन संस्थानांत १९९४ सालीं एका शिकाऱ्यानें मारलेल्या हरणांत गुरांचा क्षयरोग आढळला. पुढें तपास करितां त्या भागांतील रानटी हरणांत तो रोग मुरल्याचें दिसून आलें, आणि वर्षानुवर्षें चाललेली दाणा घालण्याची चाल हें त्याच्या प्रसाराचें एक मोठें कारण ठरलें. १९९८ सालीं तो त्या भागांतील गुरांच्या एका कळपांत सांपडला, आणि १९७९ पासून क्षयमुक्त म्हणून मान्यता पावलेल्या त्या संस्थानाची ती मान्यता २००० सालीं गेली. ज्या शेतकऱ्यांनीं कधीं मुठभर मका टाकला नव्हता त्यांच्याहि गोठ्यांत तपासण्या आल्या, कळप मारले गेले, जनावरांच्या विक्रीवर बंधनें आलीं. याखेरीज हरणांस झिजवून मारणारा दुसरा एक रोग १९६७ सालीं कोलोरॅडोंत प्रथम दिसला. तो आतां अमेरिकेच्या अनेक संस्थानांत पसरला आहे. त्याचें कारण एक विकृत प्रथिन असून तें लाळेवाटें व मलमूत्रावाटें मातींत पडून वर्षानुवर्षें तेथें टिकतें. हे रोग टर्कीचे नव्हेत. परंतु ढीग एकच आहे, आणि त्याच्या पापांचा हिशेब एकत्रच केला पाहिजे. ज्या भागांत हा रोग सांपडतो तेथें कित्येक संस्थानांनीं दाणा घालण्यास बंदी केली आहे ती यामुळेंच.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें न्यायानें ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, जमीन आमची, दाणा आमचा. त्यांत सरकारनें कां पडावें? यास उत्तर असें कीं, दाणा तुमचा असला तरी हरिण कुंपण मानीत नाहीं आणि रोगहि मानीत नाहीं. बांधाच्या एका बाजूस टाकलेल्या ढिगाचें फळ दुसऱ्या बाजूच्या गोठ्यास भोगावें लागतें. दुसरें त्यांचें म्हणणें असें कीं, उत्तरेकडे कमरेइतकें बर्फ पडतें तेव्हां पक्ष्यांस अन्नच मिळत नाहीं. हें खरें आहे, आणि तेथें उपायहि शेतकऱ्याच्याच हातीं आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन इकडे शेताच्या कडेच्या मक्याच्या कांहीं ओळी न कापतां उभ्या ठेवितात. बर्फाच्या वर राहिलेल्या कणसांवर टर्की हिवाळा काढतात. उभें कणीस वाऱ्यानें वाळतें, त्याला ढिगासारखी बुरशी चढत नाहीं आणि पक्षीहि एकाच जागीं गर्दी करीत नाहींत. तिसरें म्हणणें अधिक वजनदार आहे. फ्लॉरिडा संस्थानांत १९५८ सालीं स्थापन झालेल्या टॉल टिंबर्स या संशोधन-केंद्रानें बॉबव्हाइट नांवाच्या लाव्यावर दीर्घकाळ काम केलें आहे. तेथील अनुभव असा कीं, दाट गवताच्या आश्रयांत ज्वारीसारखे दाणे ठराविक मुदतीनें दूरवर विखुरले असतां लाव्यांचा निभाव बरा लागतो. आम्हांस हें मान्य आहे. परंतु या पद्धतींत ढीग नाहीं, ठराविक जागा नाहीं, पक्षी उघड्यावर येत नाहीं. आणि मुख्य म्हणजे ज्या रानांत हें चालतें तें रान आधीं निगेनें राखलेलें असतें. राखलेल्या रानांत विखुरलेला दाणा हा जेवणांतील लोणच्यासारखा आहे. पानांत भाकरीच नसतां नुसतें लोणचें वाढून पाहुण्याचें पोट भरत नाहीं.

तर मग रान राखावें म्हणजे काय करावें? तेथील अनुभवी लोक चार गोष्टी सांगतात आणि चारहि शेतकऱ्याच्या आटोक्यांतल्या आहेत. पाइन वृक्षांचीं रानें अगदीं दाट होऊं न देतां विरळ करावीं, म्हणजे ऊन जमिनीपर्यंत पोंचून गवत व तण उगवतें. त्यांत किडे वाढतात आणि पिलांस अन्न व आडोसा एकाच जागीं मिळतो. अशा रानांत दोनतीन वर्षांनीं, पट्ट्या पाडून व योग्य हवा पाहून, ताब्यांतली आग फिरवावी. त्या प्रदेशांतील वनस्पति पुरातन काळापासून अशा वणव्यास सरावलेल्या आहेत. गवताचीं कुरणें घरट्यांच्या ऐन दिवसांत कापूं नयेत, कारण अंड्यांवर बसलेली मादी यंत्र अगदीं अंगावर येईपर्यंत उठत नाहीं. आणि शेताच्या कडा, नाल्यांचे कांठ व कोपरे हे शेवटच्या फुटापर्यंत नांगरूं नयेत. या कामांस पिंप व मका यांपेक्षां कष्ट अधिक पडतात, आणि त्यांचें फळ दुसऱ्या दिवशीं सकाळीं खिडकींतून दिसत नाहीं. म्हणूनच लोक पिंप घेतात.

केवळ दाण्यामुळेंच रानटर्की घटली असा आमचा दावा नाहीं. एकसुरी लागवडीचीं रानें, वाढलेले अंडेचोर, पावसाळी व थंड वसंत, शिकारीच्या हंगामाची वेळ, पक्ष्यांतले रोग अशीं अनेक कारणें मिळून हें घडलें आहे, आणि जागोजागीं त्यांचें प्रमाण निराळें आहे. परंतु या सर्व कारणांत दाण्याचा ढीग हें असें एक कारण आहे कीं, तें दूर करण्यास कोणाचा कायदा, कोणाची मदत किंवा कोणाचा पैसा लागत नाहीं. ढीग घालणारानें हात आवरला कीं झालें.

आतां घरचें पाहूं. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्ष्यांची शिकार वर्ज्य आहे आणि मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. तेव्हां शिकारीच्या लोभानें दाणा टाकणारा येथें कोणी नाहीं; आपण टाकतों तें धर्मबुद्धीनें. परंतु बुरशीला हेतु कळत नाहीं. घाटांतल्या वाटसरूंनीं माकडांस केळीं व दाणे देऊन चटावलें, त्याची किंमत आज कोंकणांतला बागाईतदार देत आहे. जें जनावर माणसाच्या हातास लागलें तें पुढें माणसाच्या शेतास लागतें, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं.

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी. बुरसलेली शेंग, पेंड वा मका कोणत्याहि पशुपक्ष्याच्या वाट्यास जाऊं देऊं नये. ती खोल खड्ड्यांत पुरून टाकावी. औषध लावलेलें उरलेलें बियाणें बांधावर उघडें टाकूं नये. पेरतांना सांडलेलें मातीखालीं झांकावें. ज्यांस दाणा घालावयाचाच असेल त्यांनीं स्वतः खाऊं असाच दाणा घ्यावा आणि एके जागीं ढीग न करितां मूठमूठ विखरून द्यावा. परंतु ज्यांस खरोखर पुण्य जोडावयाचें आहे त्यांनीं बांधावरची बोर, करवंद व घाणेरीखेरीज जीं जुनीं झुडपें असतील तीं राखावीं. ओढ्याकांठची एक पट्टी नांगराविना सोडावी. आणि बांधावरचें गवत मोर, तितर व लावे अंड्यांवर बसण्याच्या दिवसांत पेटवूं नये. त्या गवतांतला टोळ तितराचें पिलूं खाईल, आणि मोठा झालेला तितर पुढें तुमच्याच पिकांतली अळी व वाळवी वेंचील. दाण्याच्या ढिगानें असा उलट आहेर कधीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्या मित्रांस आम्ही हें सर्व सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पट्टी सोडली तर दोन पोत्यांहून अधिक उत्पन्न जाईल.” हें म्हणणें खोटें नाहीं, आणि त्याला गोड उत्तर आमच्याजवळ नाहीं. दया ही कांहीं तरी खर्च करूनच करावी लागते. जो माल आपल्या उपयोगाचा उरला नाहीं तो टाकून देण्यास दया म्हणत नाहींत. या पावसाळ्यांत त्यांनीं ओढ्याकांठचे चार वाफे पडीक ठेविले आहेत. पुढें काय दिसून येतें तें पाहूं. ज्या सभासदांनीं आपल्या शेतांत अशा कडा राखल्या असतील त्यांनीं आपला बरावाईट अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, म्हणजे परदेशच्या उदाहरणास घरच्या प्रचीतीचा आधार मिळेल.